पितळेचं पातेलं

परवा नातीचा फोन आला. तिची मुलगी सहा महिन्यांची झाली. आता वरचं खाणं सुरू करायचं, म्हणून तिने हौसेने पितळेचं पातेलं मागवलंय. पेज त्यातच शिजवणार, पुढे दूधही त्यातच तापवणार. "आजी, तुझ्या लहानपणी होतं ना, अगदी तस्सं!" मी पहिला प्रश्न विचारला, "आतून कल्हई आहे का गं?" तिकडून क्षणभर शांतता. कल्हई म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं.

दोष तिचा नाही. आपणच तिला जुन्या गोष्टींपैकी अर्ध्याच सांगितल्या.

माझ्या भावंडांना आठवत असेल, आमच्या घरी चुलीच्या वैलावर दुधाचं पातेलं दिवसभर असायचं. कल्हईवाला आला की आमटीची, कढीची भांडी आधी त्याच्यापुढे जायची. आंबट पदार्थ पितळेत कळकतो, हे प्रत्येक बाईला माहीत होतं. दूध कुठे आंबट असतं? त्यामुळे दुधाच्या पातेल्याची कल्हई उडाली तरी कोणाला घाई नसे.

आमचा बाळू १९५८ साली गेला, दीड वर्षाचा होऊन. त्याच्या आधीचा भाऊही तसाच गेला होता. पोट फुगलेलं, सारखी किरकिर, बारीक ताप, शेवटी कावीळ. 'लिव्हर झालं' असं तेव्हा म्हणत. पहिला गेल्यावर घरातल्या मोठ्यांनी निर्णय दिला होता की हिचं दूध बाधतं. म्हणून बाळूला तिसऱ्या महिन्यातच अंगावरून तोडलं आणि गाईच्या दुधावर ठेवलं. ते दूध त्याच पातेल्यातलं.

या आजाराचं वर्णन कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ सालीच केलं होतं. 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' असं त्याचं नाव पडलं. एक ते तीन वर्षांची मुलं, त्यातही खात्यापित्या घरातली. एकाच घरात दोन-तीन भावंडंही जात. यकृताच्या पेशी मरत आणि उरलेल्या पेशींच्या भोवती चिवट तंतूंचं जाळं विणलं जाई. त्यालाच डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात. मऊ यकृत दगडासारखं होई. कावीळ दिसली की मूल सहसा हाती लागत नसे.

मग १९७०च्या दशकाच्या शेवटी या मुलांच्या यकृतात तांबं सापडलं. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला साधारण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. या मुलांमध्ये ते कित्येक शे, कधी हजाराच्याही वर. हे आलं कुठून?

इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांचं नाव घ्यायला हवं. इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर त्यांनी शोध घेतला. मुलाला वरचं दूध कधी सुरू केलं, कोणत्या भांड्यात तापवलं, कशात ठेवलं, असे प्रश्न त्यांनी आयांना विचारले. आजारी मुलांची तुलना त्यांच्याच वयाच्या निरोगी मुलांशी केली. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते तांब्यापितळेच्या भांड्यांतलं होतं. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. दुधातलं केसिन हे प्रथिन पितळेतलं तांबं धरून ठेवतं, म्हणजे आंबट नसलं तरी दूध तांबं ओढतंच. मोठ्या माणसाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाला ते तितकंसं जमत नाही.

ते तिथेच थांबले नाहीत. शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामीन हे औषध त्यांनी या मुलांना दिलं. कावीळ होण्याआधी दिलं तर काही मुलं वाचू लागली. १९९६ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की वाचलेल्यांपैकी काहींचं यकृत पुढे तपासलं तेव्हा ते जवळजवळ पूर्ववत झालं होतं! एकदा घट्ट झालेलं यकृत पुन्हा सुधारत नाही, असं मानण्याचा तो काळ. त्याहून मोठं काम म्हणजे आयांना भांडं बदलायला सांगणं. स्टीलची भांडी तर घरोघर येतच होती. आजार जवळजवळ नाहीसा झाला.

काही डॉक्टरांना हे पूर्ण पटलं नाही, हेही सांगायला हवं. पितळेतलं दूध पिऊनही असंख्य मुलं ठणठणीत राहिली, मी त्यातलीच एक. याचं उत्तर बहुधा रक्तात आहे. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलं अशाच आजाराने गेली. तिथेही दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत तापवत. काही घराण्यांत अनुवंशिक कमजोरी असावी, भांड्याने तिला वाट करून दिली, असं तिथल्या डॉक्टरांनी १९९६ साली मांडलं. तिथेही भांडी बदलल्यावर आजार गेला.

बाळूच्या यकृताची तपासणी कोणी केली नव्हती, तेव्हा त्याला हेच झालं होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण हे सारं मी प्रथम वाचलं तेव्हा आई हयात होती आणि मी कित्येक महिने तिला सांगितलं नाही. पातेलं चुलीवर ठेवणारे हात तिचेच होते ना! शेवटी एका दुपारी सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझं दूध चांगलं होतं तर." पुन्हा शेंगा सोलू लागली. तीस वर्षं ती काय मनात घेऊन जगली, ते मला त्या दिवशी कळलं.

म्हणून मला वाटतं, या संशोधनाची थोरवी केवळ वाचलेल्या मुलांवरून मोजू नये. कोणाचं दूध बाधतं, कोणाची दृष्ट लागते, कोणाचं नशीब खोटं, अशी बोटं ज्या बायकांकडे वळत, त्यांच्यावरून ती उचलली गेली. आणि आजार गेला म्हणून आपण तो विसरलो, तो घालवणाऱ्यांनाही विसरलो.

तांबंपितळ टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. मोठ्यांचा स्वयंपाक कल्हईच्या भांड्यात खुशाल करावा. पण 'जुनं ते सोनं' म्हणत ते विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी जुन्याचा सगळा हिशेब मांडावा. तान्ह्याचं दूध मात्र स्टीलमध्येच.

नातीने पातेलं ठेवलंय. त्यात आता मनीप्लांट लावणार म्हणाली. लावू दे!