कृषी प्रदर्शन तीन दिवसांचे, कचरा मात्र वर्षानुवर्षांचा: वसई-विरारमध्ये काय बदलता येईल?

डिसेंबर ते फेब्रुवारी हा राज्यातील कृषी प्रदर्शनांचा मुख्य हंगाम. मोशीचे ‘किसान’, बारामतीचे ‘कृषिक’, आपल्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला भरत आलेला चिकू महोत्सव आणि गावोगावची लहान प्रदर्शने. यांतून शेतकऱ्याला नवे वाण, अवजारे आणि खरेदीदार भेटतात. त्यामुळे प्रदर्शने हवीतच. पण सेंद्रिय कर्ब वाढवा असे सांगणाऱ्या मंडपामागेच प्लास्टिकचे ग्लास, फ्लेक्स आणि उरलेले जेवण एकाच ढिगात पडत असेल, तर तो सल्ला कोण मनावर घेणार?

वसई-विरारमध्ये हा प्रश्न अधिक जवळचा आहे. शहराचा कचरा गोखिवरे येथील क्षेपणभूमीवर जातो. पश्चिम पट्ट्यातील केळी, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्या वस्तीला लागून आहेत. हा भाग सखल आहे. जुलै 2018 च्या पुरात तो कित्येक दिवस पाण्यात होता. नाल्यात अडकलेले प्लास्टिक पुढे शेताच्या बांधावर येऊन थांबते.

कचरा कशाचा होतो?

- स्टॉलची उभारणी: प्लायवूड, थर्माकोल, जमिनीवर अंथरलेले कृत्रिम कापडाचे गालिचे.
- जाहिरात: फ्लेक्स, माहितीपत्रके, प्लास्टिकच्या पिशव्या.
- खानपान: पाण्याच्या बाटल्या, ताटल्या, उरलेले अन्न.
- वीज आणि प्रवास: जनरेटर व वाहने. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

जुने फ्लेक्स शेतकरी गवताची गंजी झाकायला नेतात. पुनर्वापर म्हणून ते ठीक वाटते, पण उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होते आणि त्याचे तुकडे मातीत मिसळतात. फ्लेक्सवर धान्य, मिरची किंवा मासळी वाळवू नये. तो जाळू तर मुळीच नये. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात.

नियम आहेत, पळवाटाही आहेत

राज्यातील प्लास्टिक व थर्माकोल बंदी 2018 पासून आहे. केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, सजावटीचे थर्माकोल आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर बंद केले. नेहमीचा जाड फ्लेक्स मात्र या मर्यादेतून सुटतो. परवाना नसलेल्या जागी 100 पेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम घ्यायचा, तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे आणि कचरा वेगळा करूनच द्यावा, असे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घालून दिले. म्हणजे जबाबदारी आयोजकाची आहे, ती सफाई कामगारावर ढकलता येत नाही.

जगभरच्या प्रदर्शन उद्योगानेही 2021 च्या ग्लासगो हवामान परिषदेत 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा संकल्प जाहीर केला. कार्यक्रमांच्या शाश्वत व्यवस्थापनासाठी आयएसओ 20121 हे मानकही आहे. लहान प्रदर्शनाला प्रमाणपत्राची गरज नाही. त्यामागची पद्धत घेतली तरी पुरे.

मंडपाऐवजी शेत

सर्वांत मोठी बचत स्टॉल कमी उभारण्यात आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या ‘कृषिक’मध्ये पिके प्रत्यक्ष शेतात उभी असतात. तिथे छापील फलकापेक्षा उभे पीक जास्त सांगते आणि प्रदर्शन संपल्यावर उरतो तो काढणीचा माल.

वसईत एखाद्या वाडीत हे करता येईल. प्रदर्शन जानेवारीअखेर धरले तर वेळापत्रक साधारण असे ठेवावे:

- वांगी, टोमॅटो: रोपवाटिका ऑक्टोबरमध्ये, लागवड नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत.
- भेंडी: पेरणी नोव्हेंबरअखेर.
- मुळा: 10 डिसेंबरच्या सुमारास.
- मेथी, पालक: 15 ते 20 डिसेंबर.

अडचण जागेची आहे. वसईत जमिनीचे भाव चढे आहेत आणि रस्त्यालगतची वाडी इमारतीसाठी मागितली जाते. म्हणून वाडी फुकट मागू नये. मंडपावर जाणाऱ्या खर्चातून शेतकऱ्याला हंगामाचे भाडे द्यावे. त्यातून वाडी टिकायलाही थोडा हातभार लागेल. अवजारांसाठी मोकळे मैदान लागेलच. तेवढाच भाग वेगळा ठेवावा. जागा वसई रोड, नालासोपारा किंवा विरार स्थानकापासून बसने गाठता येईल अशी निवडावी.

वेष्टन आपल्याकडे आहेच

वसईची सुकेळी पाहा. पिकलेल्या राजेळी केळ्यांची साल काढून ती उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतात. कार्तिकातल्या निर्मळच्या यात्रेला येणाऱ्यांना हे वेष्टन नवे नाही. विक्रीच्या स्टॉलवर तीच पद्धत इतर मालालाही लावता येईल. ताटाऐवजी केळीचे पान वापरले, तर पानाला गिऱ्हाईक मिळते आणि कचरा थेट खतात जातो.

ओल्या कचऱ्याचे खत

भाज्यांचे देठ, साली आणि फुलांमध्ये नत्र जास्त असते. केळीची सुकी पाने व भाताच्या पेंढ्यात कर्ब जास्त. सुरुवातीला कर्ब-नत्र गुणोत्तर 25 ते 30:1 च्या आसपास ठेवावे. ढीग दर आठवड्याला पालथा केल्यास दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये हे गुणोत्तर 20 पेक्षा कमी हवे. तेल-मीठ असलेले शिजवलेले अन्न बायोगॅससाठी वेगळे द्यावे. शहरी खतात काच-प्लास्टिक निघते म्हणून शेतकरी ते नाकारतात. जागेवरच वर्गीकरण झाले तर ही तक्रार राहत नाही.

आयोजकांनी करारात घालाव्यात अशा अटी

1. फ्लेक्सऐवजी कापडी किंवा रंगवलेले फलक. बचत गटांवर हा खर्च टाकू नये. आयोजकांनी सारख्या मापाचे फलक पुरवून दरवर्षी वापरावेत.
2. प्रत्येक स्टॉलकडून अनामत. जागा स्वच्छ दिली तरच परत.
3. पिण्याच्या पाण्याची टाकी आणि स्टीलचे पेले.
4. माहितीपत्रकाऐवजी क्यूआर कोड. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी एक पानी पत्रक.
5. जनरेटरऐवजी महावितरणची तात्पुरती वीजजोडणी.

शेवटचा मुद्दा मोजमापाचा. किती लाख लोक आले यावरच प्रदर्शनाचे यश ठरले, तर मंडप आणि कचरा वाढतच राहील. किती किलो कचरा क्षेपणभूमीवर गेला, किती खत झाले आणि पाहिलेले वाण पुढच्या हंगामात किती शेतकऱ्यांनी लावले, हे तीन आकडे आयोजकांनी जाहीर करावेत. स्टॉल घेणाऱ्यांनी आणि भेट देणाऱ्या शेतकऱ्यांनी ते मागावेत.