हिशेब पक्का तर हक्क पक्का

सीमाभागातील मराठी तरुण पदवी घेतो बेळगावात आणि पुढील शिक्षणासाठी अर्ज धाडतो कोल्हापूर-पुण्यास. त्याच्या गुणपत्रिकेवर ठळक असतो तो एकत्रित श्रेणीगुणांचा, म्हणजेच ‘सीजीपीए’चा आकडा. तो कसा निघतो?

समजा, पहिल्या सत्राचे श्रेयांक १६ आणि सरासरी ७.५, दुसऱ्याचे श्रेयांक २४ आणि सरासरी ६. दोहोंची बेरीज निम्मी करून भोळा विद्यार्थी ६.७५ म्हणेल. ते साफ चूक! प्रत्येक सरासरीस तिच्या श्रेयांकांनी गुणावे: १२० आणि १४४. बेरीज २६४, तिला एकूण ४० श्रेयांकांनी भागावे. उत्तर ६.६०.

हा फरक क्षुल्लक नव्हे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकात ६.७५ म्हणजे ६० टक्के. त्याच हिशेबाने, ०.७५ वजा करून दहाने गुणल्यास, ६.६० चे ५८.५ होतात. साठाची अट असेल तर दार बंद! नुसते दहाने गुणले तर मात्र तेच ६६. परिश्रम तेच; सूत्र बदलताच निवाडा बदलला!

सीमावासीयांना हे नवे नाही. १९५५ साली राज्यपुनर्रचना आयोगाने जिल्हा हा घटक धरला आणि मराठी खेडी त्या हिशेबात बुडाली.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: विद्यापीठाने आपले सूत्र प्रत्येक गुणपत्रिकेवर छापावे आणि सीमेपलीकडील महाविद्यालयांनी तेच प्रमाण मानावे. तोवर, तरुणांनो, शेकडेवारीचा अधिकृत दाखला घेतल्याविना अर्ज धाडू नका!