फायनल मेलबर्नमध्ये, पण मेलबर्नचा संघच नाही: स्वॅन्स विरुद्ध लायन्स सामन्यात पणाला काय लागलंय?

23 ऑक्टोबर 2022. टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, समोर पाकिस्तान आणि हारिस रौफला विराट कोहलीनं मारलेले ते दोन सिक्स. आठवलं ना? त्या दिवशी मैदानात 90 हजारांवर लोक होते. ते मैदान म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, अर्थात एमसीजी.

त्या सामन्याच्या महिनाभर आधी, 24 सप्टेंबरला, त्याच मैदानात 1 लाखावर लोक जमले होते. पण क्रिकेट बघायला नाही. ते आले होते ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची फायनल बघायला. त्या दिवशी माझा आवडता संघ, सिडनी स्वॅन्स, तब्बल 81 गुणांनी हरला. जीलाँगचे 133, आमचे 52. तिसऱ्या क्वार्टरनंतर मी लॅपटॉप बंद केला होता.

आता दोन वर्षांनी स्वॅन्स परत तिथंच उभे आहेत. उद्या, शनिवारी 28 सप्टेंबर 2024 ला, आपल्याकडच्या वेळेनुसार सकाळी 10 वाजता एएफएलची ग्रँड फायनल सुरू होईल. समोर आहेत ब्रिस्बेन लायन्स. त्यांचीही जखम ताजीच आहे. मागच्या वर्षी याच मैदानात ते कॉलिंगवूडकडून फक्त 4 गुणांनी हरले होते.

या सामन्याची खरी गंमत मात्र वेगळीच आहे. फायनल मेलबर्नमध्ये आहे, लीगमधल्या 18 पैकी 10 क्लब व्हिक्टोरिया राज्यातले आहेत, तरी फायनलमध्ये त्यांच्यातला एकही नाही. असं याआधी 2006 मध्ये घडलं होतं. त्यामुळे हा खेळ नेमका कुणाचा, हा जुना वाद पुन्हा वर आलाय.

आधी खेळ समजून घेऊ

मेलबर्नमधली माझी मामेबहीण याला 'फूटी' म्हणते. तिनं मला पहिल्यांदा मॅच दाखवली तेव्हा मला वाटलं, रग्बी, बास्केटबॉल आणि हाणामारी एकत्र चाललीय. पण नियम कळले की हा खेळ सोपा आहे.

मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. प्रत्येक संघाचे 18 जण मैदानात. दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून बॉल लाथेनं मारला की गोल, त्याचे 6 गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर 'बिहाइंड', त्याचा 1 गुण. म्हणजे थोडक्यात चुकलात तरी हातात काहीतरी पडतंच.

बॉल हातात घेऊन पळता येतं, पण 15 मीटर पळायच्या आत तो जमिनीवर टप्पा देऊन परत घ्यावा लागतो. हातानं फेकायला बंदी आहे. एका हातावर बॉल धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसा मारून पास द्यायचा. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे 'मार्क'. लाथेनं किमान 15 मीटर लांब आलेला बॉल हवेतच झेलला, की खेळ थांबतो आणि तुम्हाला निवांत किक मारायला मिळते. त्यासाठी खेळाडू समोरच्याच्या खांद्यावर गुडघा रोवून हवेत चढतात, आणि हे नियमात बसतं.

ऑफसाइड नाही. 20 मिनिटांचे चार क्वार्टर, पण खेळ थांबलेला वेळ वर धरला जातो, त्यामुळे प्रत्येक क्वार्टर साधारण अर्धा तास चालतो.

आणि हो, क्रिकेटशी याचं नातं मैदानापुरतं नाही. 1858 मध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूनं एका वृत्तपत्राला पत्र लिहून सुचवलं की, हिवाळ्यात क्रिकेटर्सचा फिटनेस टिकावा म्हणून फुटबॉलचा एखादा क्लब काढू या. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम लिहून काढले गेले.

मेलबर्नचा संघ नाही, पण मेलबर्न आहेच

ऑस्ट्रेलियात एक काल्पनिक रेषा आहे. तिला म्हणतात 'बरासी लाइन'. इयन टर्नर या इतिहासकारानं 1978 मध्ये ही कल्पना मांडली, आणि रॉन बरासी या दिग्गज खेळाडूचं नाव तिला दिलं. रेषेच्या एका बाजूला मेलबर्न, ॲडलेड, पर्थ, तास्मानिया. तिथं फूटी म्हणजे धर्म. दुसऱ्या बाजूला सिडनी आणि ब्रिस्बेन. तिथं रग्बीचं राज्य.

उद्याचे दोन्ही संघ रेषेच्या त्या 'चुकीच्या' बाजूचे आहेत. मग ते आले कुठून? तर मेलबर्नमधूनच.

सिडनी स्वॅन्स म्हणजे मूळचा साउथ मेलबर्न क्लब. आज फॉर्म्युला वनची रेस होते त्या अल्बर्ट पार्कच्या तळ्याकाठी त्यांचं मैदान होतं. पैसा संपला, क्लब बुडायला लागला आणि 1982 मध्ये अख्खा संघ उचलून सिडनीला नेला. आपला क्लब दुसऱ्या शहरात गेला म्हणून तिथल्या लोकांनी मोठा विरोध केला होता.

ब्रिस्बेनची गोष्ट याहून कडू आहे. मेलबर्नच्या फिट्झरॉय भागातला क्लब 1897 मध्ये सुरू झालेल्या व्हीएफएल या लीगच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी 8 वेळा विजेतेपद मिळवलं. पण 1996 मध्ये कर्जापायी हा क्लब लीगमधून संपला आणि 1987 पासून खेळणाऱ्या ब्रिस्बेन बेअर्समध्ये त्याचं विलीनीकरण झालं. त्यातून तयार झाले ब्रिस्बेन लायन्स. सिंह फिट्झरॉयचा, पत्ता ब्रिस्बेनचा.

म्हणजे उद्या एमसीजीवर असे म्हातारे प्रेक्षकही असतील, जे साउथ मेलबर्न किंवा फिट्झरॉयचा स्कार्फ गळ्यात घालून बसतील. आपल्या गल्लीतला क्लब हजार-दीड हजार किलोमीटर लांब गेला, तरी त्यांनी तो सोडला नाही. काहींनी सोडलाही, आणि तेही समजण्यासारखं आहे.

लीगच्या दृष्टीनं मात्र हा यशाचा दाखला आहे. 1990 मध्ये व्हीएफएलचं नाव बदलून एएफएल केलं, म्हणजे 'व्हिक्टोरिया'च्या जागी 'ऑस्ट्रेलिया' आलं. रग्बीच्या दोन राजधान्यांमधले संघ फायनलला येणं हेच त्या नावाचं स्वप्न होतं.

मग फायनल मेलबर्नलाच का?

हा प्रश्न दर सप्टेंबरला येतो. सीझनभर जास्त सामने जिंकून तुम्ही पहिल्या नंबरवर आलात, तरी फायनल घरच्या मैदानावर मिळत नाही. ती एमसीजीवरच होते. कारण करार. व्हिक्टोरिया सरकारनं लीगच्या मेलबर्नमधल्या दुसऱ्या स्टेडियमसाठी पैसा दिला आणि बदल्यात ग्रँड फायनल एमसीजीवर ठेवायचा करार लांबवून घेतला. 2020 मध्ये कोविडमुळे फायनल ब्रिस्बेनच्या गॅबावर आणि 2021 मध्ये पर्थला गेली, तर ती दोन वर्षंसुद्धा मागाहून जोडण्यात आली. आता हा करार 2059 पर्यंत आहे.

एमसीजीच्या बाजूनंही मुद्दा आहे. 1 लाख लोक मावतील असं मैदान या खेळाकडे दुसरं नाही. शिवाय ही फायनल म्हणजे तिथला सण आहे. फायनलच्या आदल्या शुक्रवारी व्हिक्टोरियात सरकारी सुट्टी असते आणि खेळाडूंची मिरवणूक निघते.

पण बाकीच्या वर्षी मेलबर्नचा संघ घरच्या मैदानावर खेळतो आणि पाहुणे विमानातून उतरतात. उद्या पहिल्यांदाच बऱ्याच वर्षांनी दोघंही पाहुणे आहेत. त्यामुळे हरणाऱ्याला यजमानांच्या फायद्याचं कारण सांगता येणार नाही.

स्वॅन्स: सगळ्यात चांगले, सगळ्यात घाबरवणारे

यंदा स्वॅन्सनी पहिल्या 14 पैकी 13 सामने जिंकले. आम्ही फॅन्स तर कप धुऊन-पुसून ठेवायच्या तयारीत होतो. मग गाडी घसरली. ऑगस्टमध्ये पोर्ट ॲडलेडनं 112 गुणांनी धुतलं. तरीही संघ पहिल्या नंबरवर राहिला, आणि मागच्या आठवड्यात त्याच पोर्टला सेमीफायनलसारख्या सामन्यात 36 गुणांनी हरवून फायनलला आला.

ताकद आहे मिडफील्डची. आयझॅक हीनी, चॅड वॉर्नर आणि एरोल गुल्डन. हीनी यंदा भन्नाट खेळलाय, पण सीझनमध्ये एका सामन्याची बंदी आल्यामुळे ब्राउनलो मेडल, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळण्यास तो अपात्र ठरला. त्याचा राग उद्या मैदानात निघाला तर बरंच.

भीती दोन गोष्टींची. एक, हा संघ उशिरा जागा होतो. प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्ध मागून येऊन 6 गुणांनी जिंकले. फायनलला रोज असं होत नाही. दोन, कॅप्टन कॅलम मिल्स दुखापतीमुळे खेळणार नाही. पण यात एक शहाणपणही दिसतंय. 2022 च्या फायनलला सॅम रीडला दुखापत असताना खेळवलं आणि त्याला मध्येच बाहेर काढावं लागलं. या वेळी निदान ती चूक मिल्सच्या बाबतीत टाळली.

कोच जॉन लाँगमायर यांनी 2012 मध्ये विजेतेपद मिळवून दिलं. पण त्यानंतर 2014, 2016 आणि 2022 अशा तीन फायनल ते हरले. चौथी हरले, तर लोक 2012 विसरतील.

लायन्स: मरता मरता वाचलेला संघ

ब्रिस्बेननं सीझनचे पहिले तिन्ही सामने गमावले. कीडियन कोलमन आणि लिंकन मॅकार्थी यांच्यासारखे खेळाडू गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीनं सीझनमधून बाहेर गेले. संपले, असंच सगळ्यांना वाटलं. शेवटी पाचव्या नंबरवरून प्लेऑफमध्ये आले.

पुढचं ऐका. ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्ध 44 गुणांनी मागे होते, तिथून 5 गुणांनी जिंकले. मग एमसीजीवर जीलाँगविरुद्ध पुन्हा मागून येऊन 10 गुणांनी जिंकले. म्हणजे उद्याच्या मैदानावर आठवडाभरापूर्वीच ते एक थरारक सामना मारून आलेत.

त्यांच्याकडे लॅची नील आहे, दोन ब्राउनलो मेडल मिळवलेला. समोर जो डॅनिहर आणि चार्ली कॅमरॉन आहेत. आणि 20 वर्षांचा विल ॲशक्रॉफ्ट. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याची मागची फायनल हुकली. त्याचे वडील मार्कस 2001, 2002 आणि 2003 अशा सलग तीन विजेतेपदांच्या लायन्स संघात होते. त्यानंतर ब्रिस्बेनला कप मिळालेला नाही.

कोच ख्रिस फेगन 63 वर्षांचे आहेत. या लीगमध्ये ते स्वतः एकही सामना खेळलेले नाहीत. अशा माणसानं दोन वर्षांत दुसऱ्यांदा संघ फायनलला आणलाय.

सामना कुठे फिरेल?

माझी नजर मधोमध, बॉल वर उडवला जातो तिथं असेल. तिथं 'रकमन' उडी मारून बॉल आपल्या खेळाडूकडे ढकलतो. ब्रिस्बेनचा रकमन ऑस्कर मॅकिनर्नी याचा खांदा मागच्या सामन्यात निखळला, तो बाहेर आहे. त्याच्या जागी डार्सी फोर्ट. समोर आमचा ब्रोडी ग्रंडी. ग्रंडी आधी कॉलिंगवूडला होता. 2022 नंतर तिथून तो गेला आणि पुढच्याच वर्षी कॉलिंगवूडनं कप जिंकला. त्यामुळे उद्या त्याच्याइतका भुकेला माणूस मैदानात क्वचितच असेल.

ग्रंडीनं हीनी आणि वॉर्नरला बॉल पुरवला तर स्वॅन्स सुटतील. पण पहिल्या क्वार्टरमध्ये स्वॅन्स झोपले, तर हा ब्रिस्बेन संघ मागून येणाऱ्यांना संधी देणार नाही. त्यांना मागून येणं म्हणजे काय हे चांगलं माहितीय. शिवाय जुलैमध्ये गॅबावर हे दोघं भिडले, तेव्हा ब्रिस्बेननंच निसटता विजय मिळवला होता.

डोकं सांगतंय की सामना 50-50 आहे. मन सांगतंय, स्वॅन्स 12 गुणांनी. आणि पहिल्या अर्ध्या तासात आम्ही चार गोलनी मागे पडलो, तर 2022 आठवून पोटात गोळा येणार, हेही नक्की. पण या वेळी लॅपटॉप बंद करणार नाही. ब्रिस्बेनचे फॅन्स 44 गुणांनी मागे असताना टीव्ही बंद करून झोपले असते, तर त्यांनी काय गमावलं असतं ते आपण आत्ताच वाचलं.

उद्या शनिवार आहे, सकाळी दहाची वेळ आहे, पोहे-चहा होईपर्यंत पहिला क्वार्टर सुरू झालेला असेल. नियम तुम्हाला कळलेत. आता फक्त बाजू निवडायची: लाल-पांढरे स्वॅन्स की सिंहवाले लायन्स? कमेंटमध्ये सांगा. आणि एमसीजीचा करार 2059 पर्यंत ठेवणं योग्य आहे का, हेही.