हसतमुख पेशंट हवाय? दुसरं घर बघा

गुडघा बदलून आलेल्या बाईनं कसं वागावं, याबद्दल आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत संपूर्ण एकमत आहे. तिनं हसतमुख असावं. वॉकर टेकत दारापर्यंत यावं, "बसा ना" म्हणावं, स्वतःच्या गुडघ्यावर एखादा हलकासा विनोद करावा आणि भेटायला आलेल्याला चहा पिऊन निश्चिंत मनानं घरी जाऊ द्यावं. दुखतंय असं म्हणायला परवानगी आहे, पण साधारण टाके निघेपर्यंतच. त्यानंतरही दुखत असेल तर तो स्वभावाचा दोष धरला जातो.

मला या सक्तीच्या हसतमुखपणाचा वीट आलाय. विनोदाशी माझं काही वैर नाही. रात्री दोनला पाय सरळ ठेवला तरी ठणकतो आणि कुशीवर वळलं तरी ठणकतो, तेव्हा अंधारात पडल्या पडल्या दिवसभरात येऊन गेलेल्यांच्या नकला करतच मी सकाळ गाठते. शेजारी नवरा झोपेत खुसुखुसु हसला की समजायचं, जमली. ती नक्कल माझं औषध आहे. दिवाणखान्यात ती कुणी माझ्याकडून वसूल करायला बसलं की माझं डोकं फिरतं.

मुळात ही शस्त्रक्रिया विकलीच जाते हसऱ्या चेहऱ्यानं. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावतांनी बदलला, पुढच्या वर्षी उजवा. अटलजींनी केलं म्हटल्यावर आपल्याकडच्या किती आज्या-काकूंना धीर आला असेल! शस्त्रक्रिया चांगलीच आहे, वाकलेले पाय सरळ होतात, तिच्याविरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाही. पण मला मिळालेल्या माहितीपत्रकावर पिकल्या केसांचं एक जोडपं समुद्रकाठच्या वाळूत धावतंय आणि दोघांच्या चारही गुडघ्यांवर साधा ओरखडासुद्धा नाही. आत लिहिलंय, दुसऱ्या दिवशी चालणं, चौथ्या दिवशी घरी. यात खोटं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मी चालले, चौथ्या दिवशी घरी आले. पाचव्या दिवसापासूनचं पान मात्र कोरं आहे.

त्या पानावर काय छापायला हवं होतं ते मी सांगते. सूज उतरायला महिने लागतात. सुधारणा वर्षभर हळूहळू चालू राहते. छेदाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर होते, कारण तिथली बारीक नस कापली जाते; हात फिरवला तर दुसऱ्या कुणाच्या पायावरून फिरवल्यासारखा वाटतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, गुडघा बदललेल्या पाचांपैकी साधारण एकाचं दुखणं जखम भरल्यावरही मागे उरतं. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत हा आकडा पुन्हा पुन्हा आलाय. जखम भरते, हाड सांध्याला धरतं, पण मेंदूपर्यंत वर्दी नेणाऱ्या नसा तापलेल्याच राहतात आणि साध्या चादरीच्या स्पर्शालाही बोंब ठोकतात. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या अशा दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, स्वतंत्र क्रमांक आहे. जिनिव्हानं मान्य केलेलं माझं दुखणं दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना मात्र मान्य नाही.

डॉक्टरांनाही ते फारसं मान्य नसावं. ते एक्स-रे उजेडाला धरतात आणि त्यांचा चेहरा खुलतो. "व्वा! सुंदर बसलाय." मी म्हणते, दुखतंय. ते पुन्हा एक्स-रेकडे बघतात. तो इतका देखणा आहे की एखादं बरं स्थळ बघून त्याचं लग्न लावून द्यावं; पण जिना मला चढायचाय. वेदनातज्ज्ञ नावाचे डॉक्टर असतात, हे मला त्या खोलीत कुणी सांगितलं नाही, मागाहून एका भाचीनं सांगितलं. या शाखेचा पाया घालणारा भूलतज्ज्ञ जॉन बोनिका हा अमेरिकेतला कुस्तीगीर होता. मुखवटा घालून व्यावसायिक कुस्त्या लढला, अंगाची मोडतोड करून घेतली, जन्मभर स्वतः कण्हत जगला आणि १९५३ मध्ये वेदनेच्या उपचारांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्या पैलवानाला कुणी "मन खंबीर ठेवा" असं सांगायची हिंमत केली असेल काय?

आता हसण्याकडे येऊ, कारण ज्याला त्याला मला हसवायचंय. हास्यक्लब हे आपल्या मुंबईचंच अपत्य. डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत चार-पाच माणसं जमवून तो सुरू केला. आधी विनोद सांगायचे. दोनेक आठवड्यांत विनोदांचा साठा संपला, उरले ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते, तेव्हा विनोदाशिवायच हसायचं ठरलं. सकाळी सहाला बागेत ते खुशाल चालू द्या. पण आमच्याकडे ते घरपोच येतं. एक काका दारातूनच हात वर करून "हा हा हा, हो हो हो" करत शिरतात आणि मीही करावं म्हणून थांबून राहतात. मग नॉर्मन कझिन्सचा दाखला. हा अमेरिकी संपादक विनोदी सिनेमे बघून दुखण्यातून उठला. दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास बिनदुखीची झोप लागते, असं त्यानं १९७९ च्या पुस्तकात लिहिलंय. लिहिलंय खरं. पण तो रुग्णालयातून उठून हॉटेलच्या खोलीत राहायला गेला होता आणि सिनेमाचं यंत्र चालवायला त्याच्याकडे नर्स होती, हे सांगताना काकांचा आवाज बसतो. मला तसं हॉटेल आणि तशी नर्स द्या, मी पण हसून दाखवते.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी तर प्रयोग करून पाहिलंय. मनापासून, खळखळून हसल्यावर माणूस थोडा वेळ जास्त वेदना सोसू शकतो. नुसतं मन प्रसन्न असल्यानं तसं होत नाही. म्हणजे ओठ ताणून "छान आहे आता" म्हणण्यानं माझा कसलाही फायदा नाही. तो सगळा नफा पाहुण्यांच्या खात्यात.

खरा विनोद कुठे होतो ते सांगते. फिजिओचा मुलगा येतो, वयानं माझ्या नातवापेक्षा थोडासाच मोठा. प्लास्टिकचा कोनमापक गुडघ्याला लावतो, टाचेखाली हात घालून पाय दुमडतो आणि माझ्या तोंडून निघू नये ते निघतं. "चौऱ्याऐंशी, काकू. नव्वदच्या वर जायला हवं." मी म्हटलं, "बाळा, नव्वदच्या वर मी शाळेतसुद्धा कधी गेले नाही, माझ्या बापानं तो नाद केव्हाच सोडला होता." तो इतका हसला की त्याच्या हातातून पाय सुटला आणि मग आम्ही दोघंही ओरडलो, तो घाबरून आणि मी दुखून. त्यानं मला हसायला सांगितलं नव्हतं. दुखतंय हे त्याला ठाऊक होतं, कारण दुखवत तोच होता. म्हणून त्याच्याशी थट्टा जमते.

या मुलाचे पैसे आम्ही खिशातून देतो. सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमीचा सांधा ५४,७२० रुपये अधिक कर, आणि ते फार चांगलं झालं. सांधा बसवल्यानंतरच्या वर्षावर मर्यादा कोण घालणार? मेडिक्लेम बहुधा घरी आल्यानंतरच्या साठ किंवा नव्वद दिवसांपर्यंतच ओळख दाखवतो. म्हणजे दुखणं जुनाट म्हणून मोजायला लागतात नेमकं तेव्हाच विमा कंपनी दार लावून घेते. यावर कुणी "पॉझिटिव्ह राहा" म्हणत नाही, कारण कंपनीला तसं म्हणून काही मिळत नाही.

आणि त्या तुलना! वहिनींच्या नणंदेच्या सासूबाई महिन्याभरात वणीच्या गडावर देवीला जाऊन आल्या म्हणे. गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे, वहिनी. डबा ओढून नेतो. माझ्या तीन मजल्यांना कुणी ट्रॉली लावून दिली तर मीही रोज जाऊन येईन. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एवढं एक वाक्य तोंडपाठ करून मी हे जिने चढते-उतरते आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी दार उघडून विचारतं, "अजून दुखतंच का?"

हो, अजून दुखतंच. तेव्हा भेटायला जरूर या, पण माझ्या चेहऱ्याची तपासणी करायला येऊ नका. निर्गुंडीचा पाला, डिंकाचे लाडू आणि सकाळचे सुविचार घरीच ठेवा. "कसं आहे?" असं विचारलंत तर उत्तर शेवटपर्यंत ऐका, मध्येच तुमच्या मावशीचा गुडघा आणू नका. फ्रीजरमधून बर्फाची पिशवी काढून द्या, दोरीवरचे कपडे काढा. मी काही विनोद केला तर मनसोक्त हसा. नाही केला तर चहा तुम्हीच टाका. साखर वरच्या फळीवर आहे आणि स्टुलावर चढायला मला अजून बंदी आहे.