निकाल लागेपर्यंत



किमान वेतनाच्या फरकाचा दावा चार वर्षे चालला. आता निकाल राखून ठेवला आहे. रविवारी बुद्धवंदना झाल्यावर वस्तीतल्या एका सफाई कामगार ताईंनी मला गाठले. "दादा, ठेकेदार निम्मे पैसे आजच देतो म्हणतोय. 'हिशेब चुकता' असं लिहिलेल्या कागदावर अंगठा मागतोय. देऊ का?" मुलाची फी थकलेली. नको म्हणणे मला सोपे, मला पगार मिळतो.

किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ साली मांडले, कायदा १९४८ साली झाला. किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणे ही वेठबिगारीच, घटनेच्या २३ व्या कलमाचा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात ठरवले. तो खटला उभा राहिला एका पत्रावरून!

हे सांगितले आणि हजेरी कार्डे मागितली. ताईंनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपली होती. महिन्यामहिन्याचा फरक पुन्हा मांडला. बेरीज ऐकून त्या गप्प झाल्या. कार्डे पिशवीत परत गेली.

"दादा, निकालाच्या दिवशी कोर्टात यावं लागेल का? हजेरी बुडेल."