ज्या संसदेने स्वतःचेच बहुमत नाकारले

‘भारताने पाकिस्तान तोडले’ हा पाकिस्तानी राज्यकर्त्यांचा आवडता कांगावा. आपल्याकडील काही विचारवंतही त्याला माना डोलावतात. १९७१ मधील भारतीय सैन्याचा पराक्रम निर्विवाद आहे. परंतु पाकिस्तान दुभंगले ते त्यापूर्वीच, त्याच्या स्वतःच्या संसदेत.

पाकिस्तानच्या घटना समितीतील प्रारंभीच्या ६९ जागांपैकी ४४ जागा पूर्व बंगालच्या होत्या. देशाची सुमारे ५६ टक्के प्रजा तेथेच राहत होती. सत्ता, सैन्य आणि नोकरशाही मात्र पश्चिमेच्या मुठीत होती. २५ फेब्रुवारी १९४८ रोजी पूर्व बंगालचे हिंदू प्रतिनिधी धीरेंद्रनाथ दत्त यांनी उर्दू व इंग्रजीबरोबर बंगालीलाही सभागृहात स्थान मागितले. पाकिस्तान हे मुस्लिम राष्ट्र असून त्याची भाषा उर्दूच राहील, असे पंतप्रधान लियाकत अली खान यांनी बजावले. पूर्व बंगालचे मुख्यमंत्री ख्वाजा नझिमुद्दीन यांनीही त्यांचीच री ओढली. मागणी बहुसंख्यांच्या मातृभाषेची होती. तरीही तिच्यावर फुटीरतेचा शिक्का बसला.

याच समितीच्या पहिल्या बैठकीचे अध्यक्षपद जोगेंद्रनाथ मंडल यांना देऊन जगापुढे उदारतेचा देखावा मांडला गेला होता. तेच मंडल १९५० मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा देऊन भारतात परतले. पूर्व बंगालमधील हिंदूंच्या यातना हे त्यांच्या राजीनाम्याचे कारण होते.

हिंदूंचा आवाज दडपल्यावर पाळी बंगाली मुसलमानांची आली. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी घटना समितीच बरखास्त केली. १९५५ च्या नव्या समितीत ८० जागांची ४०-४० अशी वाटणी झाली. तिला नाव दिले गेले समतेचे! ५६ आणि ४४ यांना समान ठरविणारे हे गणित वस्तुतः बहुमताची लूट होती. त्याच वर्षी पश्चिमेतील प्रांत एकत्र करून पूर्वेविरुद्ध एकसंध गट उभारण्यात आला. पुढे अयुब खान यांनी ८०,००० निवडक मतदारांच्या हाती निवडणूक सोपवून सामान्य नागरिकाचा प्रत्यक्ष मताधिकारही हिरावला.

१९७० मध्ये लोकसंख्येनुसार जागा मिळाल्या. ३०० सर्वसाधारण जागांपैकी पूर्वेला १६२ आल्या आणि त्यांतील १६० अवामी लीगने जिंकल्या. ३ मार्च १९७१ रोजी ढाक्यात अधिवेशन भरणार होते. याह्या खान यांनी १ मार्चला ते पुढे ढकलले आणि २५ मार्चच्या रात्री मतपेटीला बंदुकीने उत्तर दिले. चार दिवसांनी सैनिकांनी कोमिल्ल्यातील घरातून ८४ वर्षांच्या धीरेंद्रनाथांना मुलासह उचलून नेले. ते पुन्हा परतले नाहीत. २३ वर्षांपूर्वीच्या त्या एका दुरुस्तीचे मोल त्यांनी प्राणांनी चुकविले.

केवळ उपासनापंथाच्या आधारावर राष्ट्र उभे राहत नाही, याचा याहून जळजळीत पुरावा कोणता? भारतात भाषा अनेक, प्रांत अनेक; तरीही संसद अखंड राहिली, कारण विविधतेला सामावून घेणारे सांस्कृतिक सूत्र येथे हजारो वर्षांपासून जिवंत आहे. मात्र सूत्र जपावे लागते. संसदेतील जागांचा प्रश्न जेव्हा येईल, तेव्हा कोणत्याही प्रांताला आपण परके ठरलो असे वाटू न देणे, हे राष्ट्रभक्ताचे पहिले कर्तव्य होय. धीरेंद्रनाथांच्या बलिदानाचा हाच बोध आहे.