पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये, मग जास्तीचे पैसे जातात कुठे?

जून २०२४ च्या अखेरीस सीबीआयने मुंबईतल्या दोन पासपोर्ट सेवा केंद्रांशी संबंधित १२ गुन्हे नोंदवले. एक केंद्र लोअर परळचं, दुसरं मालाडचं. आरोपींची संख्या होती ३२. त्यातले १४ जण या केंद्रांत काम करणारे पासपोर्ट अधिकारी आणि १८ जण एजंट. मुंबई आणि नाशिकमध्ये मिळून ३३ ठिकाणी झडत्या झाल्या. अपुऱ्या किंवा बनावट कागदपत्रांवर पासपोर्ट मिळवून देण्यासाठी एजंटांकडून पैसे घेतले गेले आणि त्यातले लाखो रुपये अधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या खात्यांत जमा झाले, असा आरोप होता.

आरोप खरे की खोटे हे कोर्ट ठरवेल. पण या प्रकरणातून एक साधा प्रश्न पडतो. पासपोर्टची सरकारी फी ठरलेली आहे, ती ऑनलाइन भरता येते, अपॉइंटमेंटही घरबसल्या मिळते. तरीही लालबाग, परळ, दादर, गिरगावमधला माणूस एजंटकडे का जातो? आणि १,५०० रुपयांचं काम त्याला कित्येक हजारांना का पडतं?

आधी हिशोब: सरकार नेमके किती पैसे घेतं?

१ ऑक्टोबर २०१२ पासून साध्या पासपोर्टची फी १,००० वरून १,५०० रुपये झाली. त्यानंतर मूळ दर बराच काळ तोच राहिला आहे. मुख्य दर असे आहेत:

- मोठ्या माणसाचा ३६ पानी पासपोर्ट: १,५०० रुपये
- ६० पानी पासपोर्ट: २,००० रुपये
- १८ वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट: १,००० रुपये
- तात्काळ हवा असेल तर वर आणखी: २,००० रुपये
- हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या पासपोर्टऐवजी नवा ३६ पानी: ३,००० रुपये
- पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी: ५०० रुपये

जून २०१७ पासून आठ वर्षांखालची मुलं आणि साठीच्या पुढचे ज्येष्ठ यांना नव्या पासपोर्टच्या मूळ फीमध्ये १० टक्के सूट आहे.

समजा, लालबागमधलं एक कुटुंब पहिल्यांदाच पासपोर्ट काढतंय. नवरा-बायको, सहा वर्षांची मुलगी आणि ६५ वर्षांची आजी. नवरा-बायकोचे मिळून ३,०००, मुलीचे ९००, आजीचे १,३५०. एकूण ५,२५० रुपये. हेच चारही अर्ज तात्काळमध्ये टाकले, तर वर आठ हजार रुपये लागतील आणि बिल जाईल १३,२५० वर. म्हणजे फक्त घाईची किंमत मूळ फीच्या दीडपट.

अजून एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, म्हणजे वर्षाला १५० रुपये पडतात. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालतो. १,००० रुपयांना पाच वर्षं, म्हणजे वर्षाला २००. फी कमी दिसते, पण वर्षाचा हिशोब केला तर मुलांचाच पासपोर्ट महाग आहे. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी १,५०० रुपये भरून थेट दहा वर्षांचा पासपोर्ट घेण्याचा पर्याय असतो. कॉलेजनंतर बाहेर शिकायला जायचा विचार असेल, तर तोच स्वस्त पडतो.

ही फी कशासाठी असते?

परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात म्हटलं. सरकारने मनाला येईल तसा पासपोर्ट द्यायचा किंवा नाकारायचा, हे चालणार नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी संसदेने पासपोर्ट कायदा केला.

या कायद्याच्या कलम ५ मध्ये फीचं कारणही दिलं आहे. विशेष सुरक्षा कागद, छपाई, लॅमिनेशन आणि पासपोर्ट देण्याशी संबंधित इतर सेवांचा खर्च भागवण्यासाठी ही फी आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेत हा कर नाही, सेवेचा खर्च आहे. पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका आपल्याच राज्यात, नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात.

लोअर परळच्या केंद्रात गेलेल्या प्रत्येकाला ए, बी आणि सी असे तीन काउंटर आठवत असतील. ए काउंटरवर टीसीएस या खासगी कंपनीचे कर्मचारी असतात. ते फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात, कागद स्कॅन करतात. बी आणि सी काउंटरवर सरकारी अधिकारी बसतात. कागद तपासणं आणि पासपोर्ट मंजूर करणं हे काम फक्त त्यांचं. टीसीएसला सरकारकडून पैसे मिळतात, त्यामुळे अर्जदाराने कुठल्याही काउंटरवर फाइल पुढे सरकवण्यासाठी वेगळे पैसे द्यायचा प्रश्न येत नाही. केंद्रातल्या झेरॉक्स किंवा एसएमएससारख्या सोयी पैसे देऊन मिळतात, पण त्या ऐच्छिक आहेत. नको म्हटलं तर पासपोर्ट अडत नाही.

मग पैसे वाढतात कुठे?

एक, स्टॅम्प पेपर आणि नोटरी. "अ‍ॅफिडेव्हिट लागेल" हे वाक्य ऐकलं की माणूस थेट फोर्टची वाट धरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने अनेक दस्तांसाठी १०० आणि २०० रुपयांऐवजी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक केल्यापासून हा खर्च आणखी जाणवू लागला. पण पासपोर्टच्या बाबतीत परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्येच नियम बदलले. अर्जासोबतची सगळी परिशिष्टं साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने द्यायची आहेत. नोटरी नको, मॅजिस्ट्रेटचा शिक्का नको. लग्नाचं सर्टिफिकेटही बंधनकारक राहिलेलं नाही. तरीही जुन्या माहितीवर हा खर्च होत राहतो.

दोन, पोलीस व्हेरिफिकेशन. घरी किंवा चौकीत "चहापाणी" द्यावं लागतं, असं अनेकांनी गृहीतच धरलेलं असतं. प्रत्यक्षात या पडताळणीसाठी अर्जदाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. परराष्ट्र मंत्रालयच राज्याच्या पोलिसांना पैसे देतं. २१ दिवसांत अहवाल गेला तर प्रत्येक अर्जामागे १५० रुपये, उशीर झाला तर ५० रुपये. म्हणजे पोलिसांच्या कामाचे पैसे आधीच दिले जातात.

तीन, तात्काळ. घाई खरी असेल, तर तात्काळ उपयोगी आहे. पण जादा २,००० रुपये भरले म्हणजे पासपोर्टची हमी मिळाली, असं नाही. तात्काळमध्ये अर्ज मंजूर करायचा की नाही, हे पासपोर्ट कार्यालय ठरवतं. कागद अपुरे असतील, तर घाईचे पैसे भरूनही काम अडतं.

चार, फसव्या वेबसाइट. गुगलवर शोधलं की सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइट वर येतात. त्या फॉर्म भरून घेतात, अपॉइंटमेंटच्या नावाखाली जादा पैसे कापतात आणि आधारसारखी माहितीही काढून घेतात. परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल वारंवार सावध केलं आहे. खरी साइट 'पासपोर्ट इंडिया' नावाची असून तिचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो. खरं अ‍ॅप 'एमपासपोर्ट सेवा'.

गिरगाव-लालबागची अडचण: पत्ता

दक्षिण आणि मध्य मुंबईत पासपोर्ट अडण्याचं एक कारण इथल्या घरांमध्येच आहे. चाळ पुनर्विकासाला गेली, कुटुंब संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलं. आधार कार्डावर मात्र जुन्या चाळीचाच पत्ता. खोलीची भाडेपावती आजोबांच्या नावावर, विजेचं बिल काकांच्या.

पासपोर्टच्या अर्जात सध्या जिथे राहता तो पत्ता द्यायचा असतो. जुना पत्ता दिला आणि पोलिसांना तिथे पाडलेली इमारत दिसली, तर "अर्जदार राहत नाही" असा अहवाल जातो आणि फाइल थांबते. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "पाच हजार द्या, पत्त्याचं बघून घेतो." हा सगळ्यात धोकादायक सल्ला. खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणं हा पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि अर्जावर सही एजंटची नसते, अर्जदाराची असते.

सरळ मार्ग थोडा वेळखाऊ आहे, पण स्वस्त आहे. आधी आधारवरचा पत्ता बदलून घ्यायचा, किंवा सध्याच्या घराचा नोंदणीकृत भाडेकरार, बँकेचं फोटो असलेलं पासबुक यांसारखा चालणारा पुरावा तयार ठेवायचा आणि मगच अर्ज करायचा. पुढे इमारत उभी राहिल्यावर पासपोर्टवरचा पत्ता बदलायचा झाला, तर पासपोर्ट नव्याने काढावा लागतो आणि त्याला पुन्हा पूर्ण १,५०० रुपये लागतात.

पावसाळ्यातली एक सूचनाही इथेच. भिजून पानं चिकटलेला पासपोर्ट 'खराब' या खात्यात गेला, तर दुप्पट फी बसते.

डिग्रीवरचा शिक्का: ५० रुपयांचं काम

पासपोर्ट झाला की पुढचा टप्पा येतो. दुबईत नोकरी लागली, कॅनडात अ‍ॅडमिशन मिळालं, तर तिकडचं ऑफिस म्हणतं, डिग्री आणि जन्मदाखला अटेस्ट करून आणा.

याचे दोन प्रकार आहेत. जो देश १९६१ च्या हेग अपोस्टिल करारात आहे, त्याच्यासाठी 'अपोस्टिल' लागतं. भारत या करारात २००५ मध्ये आला. सौदी अरेबियात हा करार डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून. जो देश करारात नाही, त्याच्यासाठी साधं अटेस्टेशन आणि त्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. संयुक्त अरब अमिरात, म्हणजे दुबई-अबूधाबी, याच दुसऱ्या गटात आहे.

परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी एका कागदाला ५० रुपये. साधं अटेस्टेशन मोफत. पण २०१२ पासून मंत्रालय हे कागद थेट स्वीकारत नाही, ते नेमलेल्या एजन्सींमार्फत द्यावे लागतात आणि त्यांचा ठरलेला सेवाआकार वेगळा असतो. शिवाय त्याआधी राज्याच्या संबंधित विभागाची पडताळणी लागते. गृहीत धरा, एखाद्याची मुंबई विद्यापीठाची डिग्री आहे. ती आधी राज्याकडे, मग एजन्सीमार्फत मंत्रालयाकडे आणि दुबईला जायचं असेल तर त्यापुढे अमिरातीच्या दूतावासाकडे जाणार. प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म, वेगळी फी. सुट्टी न मिळणाऱ्या माणसाला हे फेरे जमत नाहीत, म्हणून तो सगळं एकाच एजंटकडे सोपवतो. एजंट एकच ठोक आकडा सांगतो. त्यातले ५० रुपये सरकारचे आहेत, हे शेवटपर्यंत कळत नाही.

२०१९ पासून ही सोय दिल्लीबाहेर मुंबईसह इतर शहरांतही आली आहे. २०१७ मध्ये 'ई-सनद' ही ऑनलाइन व्यवस्थाही सुरू झाली. मात्र तिचा उपयोग कागद देणारी संस्था त्यात जोडलेली असेल तरच होतो.

शिक्क्याबद्दल एक गैरसमजही आहे. अपोस्टिल फक्त कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतं. कागदातला मजकूर खरा आहे, याची हमी ते देत नाही. बनावट डिग्रीवर शिक्का मिळवून दिला, तरी डिग्री खरी होत नाही.

एजंटकडे जाणं चुकीचं आहे का?

नाही. फॉर्म भरून घेण्यासाठी कुणाची मदत घेणं हा गुन्हा नाही. इंग्रजी फॉर्म, पासवर्ड, स्कॅन केलेले कागद हे सगळ्यांना जमतंच असं नाही, आणि त्या मदतीचे रास्त पैसे देण्यात गैर काही नाही. अडचण सुरू होते ती "कागद नसले तरी चालेल" या वाक्यापासून. सीबीआयच्या प्रकरणातले आरोप नेमके त्याच ठिकाणचे आहेत.

म्हणून पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. यातली सरकारी फी किती? तिची पावती माझ्या नावाने मिळेल का? आणि लॉगिन कुणाच्या मोबाइल नंबरवर आहे? भरलेली फी साधारण वर्षभर चालते आणि चुकलेली अपॉइंटमेंट मर्यादित वेळा पुन्हा घेता येते. पण लॉगिन एजंटच्या हातात असेल, तर हे अर्जदाराला कळतही नाही.

जबाबदारी फक्त लोकांची नाही. फी इतकी वर्षं स्थिर ठेवणं चांगलंच, पण "नोटरी लागत नाही", "पोलिसांना पैसे द्यायचे नाहीत", "अपोस्टिलचे ५० रुपये" ही तीन वाक्यं मराठीत, मोठ्या अक्षरात प्रत्येक पासपोर्ट केंद्राच्या दारावर आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात लावायला फारसा खर्च येणार नाही. लालबागच्या त्या चौघांच्या घराला ५,२५० रुपयांत पासपोर्ट मिळू शकतो. त्यावर जे जातं, त्यातलं बरंचसं माहिती न मिळाल्यामुळे जातं.